पाकिटाला कळू द्यायचं नाही

सुपाला उंची लागते, हे मला कुंभकोणमला कळलं. उजव्या हातातला पितळी टंबलर कपाळाच्या वर, डाव्या हातातला डबरा, म्हणजे कॉफी निववायची ती पसरट वाटी, कमरेच्या खाली, आणि मधल्या हवेतून स्वीट कॉर्न सुपाची पिवळी तार सरळ खाली उतरते आहे, एक थेंब बाहेर नाही. आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. अंगणात उभे, पंचा नेसलेले, एक डोळा मिटलेला. मी कडेवर नात आणि हातात गाठोडं घेऊन फाटकातून आत शिरत होते.

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबले. मागे सामानाचा टेम्पोही थांबला. तार संपली, डबऱ्यात फेस चढला, तेव्हा त्यांनी दुसरा डोळा उघडला. "या. आतां या."

मुलीची बँकेत बदली झाली, जावई परदेशी, नात दीड वर्षाची. म्हणून मी नाशिकहून दोन वर्षांसाठी त्या गावी गेले आणि या गृहस्थांच्या वरच्या मजल्यावर राहिले. तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. आज सहासष्टाव्या वर्षी मागे वळून पाहते तेव्हा त्या पोरीची कीव येते. तिला वाटायचं, आपल्याला सगळं येतं, आणि जे येत नाही ते येण्यासारखं नाही.

घरमालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणू लागले. तीनेक शतकांपूर्वी तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं, तेव्हा त्यांचे पूर्वज कारकुनी करायला खाली उतरले आणि परत जायचं विसरले. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पण ते मराठी पितळी डब्यात झाकून ठेवल्यासारखं. पहिल्याच आठवड्यात मी ते सुधारायला घेतलं.

"मामा, 'मज पाहिजे' नाही. 'मला पाहिजे' म्हणतात."

मामांनी शांतपणे विचारलं, "कधींपासून?"

मला तारीख सांगता येईना.

"आम्ही निघालों तेव्हां असेंच होतें," मामा म्हणाले. "मागाहून तुम्हीं बदललें असेल. कळवावयाचें होतें."

त्यानंतर मी त्यांचं मराठी सुधारलं नाही.

मामांचं सगळं आयुष्य कॉफीच्या बिया भाजण्यात गेलं होतं. एका पूड विकणाऱ्या दुकानात चाळीस वर्षं ते भट्टीपाशी उभे असत, आणि त्यांच्या नाकाच्या गोष्टी गावात अजून सांगत. सकाळी ते सायकलवरून दुकानात निघायचे तेव्हा प्रत्येक दारावरून जाताना आतल्या कॉफीचा वास घ्यायचे. कॉफी चांगली असेल तर घंटी एकदा. कालची डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला अर्क, उकळून वापरली असेल तर दोनदा. चिकोरी जास्त पडली असेल तर घंटी वाजवायचीच नाही, नुसतं मान खाली घालून जायचं. दोन घंट्या ऐकलेल्या सासवा दिवसभर सुनांशी बोलत नसत म्हणे. मी गेले तेव्हा मामा निवृत्त झाले होते, सायकल होती, घंटीही होती, पण ती कधी वाजत नसे. "वय झालं की माणूस मवाळ होतो," असं शेजारीण म्हणाली. मीही मान डोलावली. बघा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर मांडलेलं होतं आणि मी मान डोलावत होते.

आता मामी. मामी उंचीला बेताच्या आणि बाकी सगळ्याला सढळ. त्यांचं माहेर मरुदानल्लूर, गावाजवळचंच, भजनांसाठी नावाजलेलं. तिथल्या उत्सवात मधोमध उंच समई लावतात आणि भजन म्हणत तिच्याभोवती फेर धरतात. मामी सात वर्षांच्या असल्यापासून त्या फेरात होत्या. मग गुडघे गेले. दोन वर्षं त्यांनी खांबाशेजारी, चपलांच्या राशीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ वाजवले. "चपला सांभाळणारी झाल्यें," असं त्या हसून सांगायच्या आणि मग बराच वेळ पदराशी चाळा करत बसायच्या.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची शस्त्रक्रिया करू, मामी पुन्हा फेर धरतील. पण आधी आठ किलो उतरवा, नाहीतर मी हात लावणार नाही. रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी डाएटचं पाकीटबंद सूप. टोमॅटो, स्वीट कॉर्न, मिश्र भाज्या. गरम पाणी ओता, ढवळा, प्या.

इडली आणि कडप्पा नावाच्या बटाटा-खोबऱ्याच्या रश्श्यावर पोसलेल्या त्या बाईने पहिला घोट घेतला, गिळला आणि म्हणाली, "भिंतीस कागद चिकटवायची खळ."

त्या क्षणी मामांच्या आयुष्याला दुसऱ्यांदा अर्थ आला.

त्यांनी पाकिटाचा अपमान होऊ दिला नाही. "चूक पाकिटाची नव्हे," ते म्हणाले, "त्याजवर आल्याबरोबर कढत पाणी ओततां. पाहुण्याच्या डोक्यावर ओताल काय?" मग त्यांनी नियम केले. पूड आधी गार पाण्यात कालवायची, बोटाने, गुठळी उरेपर्यंत नव्हे, गुठळीची आठवण उरेपर्यंत. मग मंद आचेवर. उकळी फुटू द्यायची नाही, कडेला मोत्यांची माळ दिसली की खाली. मीठ वरून चिमूटभरही नाही, पाकिटात ते आधीच बसलेलं असतं. लिंबू आच बंद केल्यावर. ताक घालायचं तर त्याहून उशिरा, नाहीतर फाटतं. तूप, लोणी, मलई यांचं नाव काढायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते कुजबुजत सांगायचे: "पाकिटास कळों देऊं नये कीं तें पाकीट आहे."

हे सगळं ठीक होतं. खरी करामत फिल्टरची. दक्षिणेत कॉफी गाळायचा तो दोन मजली पितळी फिल्टर माहीत असेल. वरच्या मजल्याला भोकं, खालच्यात थेंब थेंब अर्क उतरतो. मामांनी घरातला धाकटा फिल्टर सुपाला दिला. मिरी, जिरं, धने आणि सुंठेचा तुकडा कोरड्या कढईत भाजायचे, जाडसर कुटायचे, वरच्या मजल्यात दाबून बसवायचे आणि उकळतं पाणी घालून दोन तास विसरून जायचं. खाली उतरायची मिऱ्याची डिकॉक्शन, काळीभोर. तिचे दोन चमचे सुपात. वर कढीपत्ता हातात चुरून. टोमॅटोच्या सुपाला कोथिंबिरीचे देठ ठेचून, मिश्र भाज्यांच्या सुपाला शेवग्याच्या पाल्याचं पाणी. शेवटी टंबलर वर, डबरा खाली, तीन वेळा उंचावरून ओतायचं, फेस येईपर्यंत. तेलाचा थेंब नाही की तुपाचा कण नाही.

या प्रयोगशाळेत मामांनी मला चवदार, म्हणजे चव घेणारी, म्हणून नेमलं.

"तुम्हीं महाराष्ट्रांतल्या," ते म्हणाले. "रोज सहा वाजतां येत जा. एक घोट घ्यावयाचा आणि सांगावयाचें."

एकसष्ट वर्षांच्या त्या पोरीला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. कॉफीच्या नाकासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने आपली जीभ निवडली. मी ठेवणीतली साडी नेसून सहा वाजता खाली जाऊ लागले. घोट घ्यायचा, तो गालात फिरवायचा, छताकडे पाहायचं आणि बोलायचं. काय बोलायचे देवा. "सुरुवात मृदू आहे." "मागे किंचित मातीचा सूर आहे." "जिरं बोलतंय, पण मिरी ऐकून घेत नाहीये." वाईट लागलं तरी वाईट म्हणायचं नाही, हे मी ठरवलं होतं, न जाणो, नेमणूक गेली तर? मामा माझ्याकडे एकटक पाहत ऐकायचे, वहीत काहीतरी लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सूप सुधारलेलं असायचं. मला वाटायचं, काय हा माझ्या शब्दांचा प्रभाव.

आता माझं पाप.

गेल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी वरच्या गच्चीतून खाली पाहिलं, तर मामी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. "हवा घेत्यें," असं सांगून सुपाचा टंबलर घेऊन त्या रोज मागे जायच्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि टंबलर शांतपणे केळीच्या बुंध्याशी उपडा केला. मग मान वर केली.

"पाहिलेंस?"

"नाही," मी म्हणाले.

"शहाणी आहेस."

आणि मी शहाणी असल्यामुळे माझ्या मनात आलं की बिचारी उपाशी झोपते. हिच्या घराण्यातली बाई तीनशे वर्षांत मूळ माहेरी, महाराष्ट्रात, गेलेली नाही. आपण महाराष्ट्रातून आलो ते कशासाठी? मी साबुदाणा भिजत घातला.

मामा चारला महामहम तळ्याभोवती फेऱ्या मारायला जायचे. मी नातीच्या दुपट्यात डबा गुंडाळायचे आणि नातीला कडेवर घेऊन, तिला केळ दाखवायच्या निमित्ताने, खाली उतरायचे. पहिला साबुदाणा वडा मामींनी डोळे मिटून खाल्ला. दुसरा उघडे ठेवून. चौथ्यानंतर म्हणाल्या, "परवाइल्लै." म्हणजे वाईट नाही. त्यांच्याकडे याच्यावरची पदवी नव्हती. स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही त्या परवाइल्लैच म्हणायच्या. मला इतका आनंद झाला की मी एक दिवसाआड वडे करू लागले. मग बटाटेवडे. मग थालीपीठ, लोण्याचा गोळा घालून. सहा वाजता मी त्याच मामींसाठी बिनतेलाच्या सुपातला मातीचा सूर ओळखायचे आणि चार वाजता त्यांना तळणीतून काढलेले वडे चारायचे. या दोन बायका एकच आहेत, हे त्या पोरीच्या डोक्यात महिनाभर आलं नाही.

वजन दर महिन्याला व्हायचं, आणि तेही मामांच्या पद्धतीने. घरातल्या काट्यावर मामींचा विश्वास नव्हता, म्हणून एका ओळखीच्या भांड्यांच्या दुकानात. तिथे पितळी भांडी किलोवर विकतात, तेव्हा हंडे तोलायचा मोठा काटा असतो. मामी त्याच्यावर समईसारख्या उभ्या राहायच्या आणि दुकानदार आकडा मोठ्याने वाचायचा. सुरुवातीला अठ्ठ्याऐंशी होते.

महिन्याने आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने आकडा पाहिला, काटा पुसला, परत पाहिला.

"एकोणनव्वदला शंभर ग्रॅम कमी," तो तमिळमध्ये म्हणाला. "मामी, एवढ्यात लग्नाचा हंडा, दोन समया आणि वर एक उलथनं बसतं."

"घडणावळ धरूं नकोस म्हणजे झालें," मामी म्हणाल्या आणि काट्यावरून उतरल्या. पण उतरताना त्यांनी माझा हात धरला, आणि रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.

येताना मामा सायकल हातात धरून चालत राहिले. देवळाच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "हात गेला माझा. सूप गोड लागत असेल, म्हणून अंगीं लागतें. काय चुकलें तें मज कळत नाहीं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "सोमवारीं डॉक्टरांस सांगून टाकतों. शस्त्रक्रिया राहूं दे. आतां तिला खुर्ची बरी घेऊन देतों, लाकडी, हातांची."

मामी आमच्या चार पावलं मागे होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही, मी वळून पाहिलं नाही. मला वळून पाहायचं धाडस झालं नाही, हे खरं.

रविवारी सकाळी मी कबूल करायचं ठरवून खाली गेले. नात झोपली होती, मुलगी घरी होती. जिन्यातच मला वास आला. दूध लागल्याचा, नुसता लागल्याचा नव्हे, जळून कोळसा झाल्याचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मी धावले. मामा स्वयंपाकघरात शेगडीकडे पाठ करून, शेगडीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंगातून सुपाच्या पाकिटाची मागची बाजू वाचत होते. त्यांच्या मागे पातेल्यातून काळा धूर निघत होता.

मी गॅस बंद केला. मामांनी वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग पातेल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखं तोंड.

"मामा, तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी पाकीट घडी घालून खिशात ठेवलं. "दीड वर्ष झालें," ते म्हणाले. "त्या साथींत ताप आला. ताप गेला. वास परत आला नाहीं. चवही त्याच्याबरोबर गेली. खारट, आंबट, तिखट इतुकें कळतें. बाकी सर्व पाणी."

मी पाटावर बसले. घंटी मला तिथे ऐकू आली, म्हणजे न वाजणारी.

"मग माझी जीभ," मी म्हणाले. "मी जे सांगत होते ते तुम्हाला..."

"तुम्ही काय सांगत होतांत तें मी कधीं ऐकलें नाहीं," मामा मवाळपणे म्हणाले. "मातीचा सूर म्हणजे काय तें मज ठाऊक नाहीं. मी तुमचें तोंड पाहत होतों. ह्या गल्लींत असें तोंड दुसरें नाहीं. मिरें अधिक झालें तर डावी भुंवई वर जाते. कच्चें राहिलें तर नाक आखडतें. तोंडानें काही बोला, तोंड खोटें बोलत नाहीं. म्हणून तुम्हांस नेमलें."

ठेवणीतल्या सगळ्या साड्या मला एकदम आठवल्या.

अपमान वाटायला वेळच मिळाला नाही, कारण त्याच तोंडाने माझा घात केला. मामा माझ्याकडे बघतच होते. "दुसरें काही आहे," ते म्हणाले. "काय आहे?"

मी सांगितलं. साबुदाणा, बटाटा, थालीपीठ, लोणी, दुपटं. केळीचं मात्र सांगितलं नाही; ते माझं नव्हतं. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतील. मामांनी विचारलं, "कशांत तळले?"

"शेंगदाण्याच्या तेलात."

"वास कसा येतो? सांगा."

एकसष्ट वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला मोठे शब्द सापडेनात. "आधी तेल तापल्याचा," मी म्हणाले, "शेंगा भाजून पोत्यावर ओतल्यासारखा. मग वडा आत पडला की ओला, आणि मिरचीचा हिरवा. मग दाण्याचा कूट कडेला लाल व्हायला लागतो, तेव्हा..."

मामांनी डोळे मिटले होते. हळूहळू मान हलवत होते. "तेव्हां?"

"तेव्हां घरांत कोणी जेवल्यावांचून राहूं नये असा," दारातून मामी म्हणाल्या.

त्या काठी टेकून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. काळं पातेलं त्यांनी पाहिलं, मामांकडे पाहिलं.

"दीड वर्ष?"

"होय," मामा म्हणाले.

"म्हणून माझ्या कॉफीस रोज सरि, ठीक आहे, म्हणत होतांत?"

"होय."

"लग्न झालें त्या दिवसापासून पाण्याचा वाससुद्धां ओळखून बोललांत. पांढरें मिरें पडलें, डिकॉक्शन शिळी, दूध दुसऱ्या म्हशीचें. दीड वर्ष एक शब्द नाहीं. मग ती खळ करून आणलीत आणि बरी आहे म्हणालांत." मामींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मज वाटलें, आतां ह्यांस माझ्या तोंडांत काय पडतें त्याचें काही वाटेनासें झालें. म्हणून मीही ओतून टाकलें."

"कोठें ओतलें?" मामांनी विचारलं.

मामींनी काठीने मागचं दार दाखवलं.

आम्ही तिघं गेलो. मी रोज बघत होते, पण नीट पाहिलं ते त्या दिवशी. भिंतीपलीकडच्या केळी माणसाएवढ्या. ही एकटी गच्चीला लागलेली, बुंधा जात्यासारखा, पानं अशी की एकेका पानावर पंगत बसावी. मामांनी बुंध्यावर हात ठेवला. वर बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी महिनाभरात न पाहिलेला आनंद पसरला.

"म्हणजे," ते म्हणाले, "कोणास तरी आवडलें."

मामी हसायला लागल्या. काठी धरवेना म्हणून मला धरून हसल्या, आणि मी पडू नये म्हणून केळीला धरून हसले.

त्या दिवसापासून माझी नेमणूक गेली. सहा वाजता स्वयंपाकघरात मामी खुर्ची टाकून बसू लागल्या. चमचा मामींच्या हातात, वही मामांच्या.

"जिरें करपलें."

"किती?"

"तुमच्या बहिणीच्या लग्नांत करपलें होतें तितुकें."

"मग थोडेंच."

"थोडें काय? वऱ्हाडी उठले होते."

मामा भाजायचे, मामी पडवीतून ओरडायच्या, "आतां, आतां उतरा, वास पिवळा झाला." नाकाचा धंदा असा होता की एका घोटावर भागत नसे. तपासायला आणखी एक, खात्रीला आणखी एक, भांडायला दोन. टंबलर रिकामा व्हायचा आणि केळीच्या वाट्याला काही उरायचं नाही. आपण रोज सूप पितो आहोत हे मामींच्या लक्षातही आलं नसावं. त्यांच्या मते त्या फक्त नवऱ्याच्या चुका काढत होत्या, आणि ते त्यांना कधीच जड गेलं नव्हतं. एके संध्याकाळी टोमॅटोचं सूप गिळून त्यांनी चमचा खाली ठेवला. मामा पेन्सिल धरून वाट बघत होते.

"चांगलें आहे," मामी म्हणाल्या.

परवाइल्लै नव्हे. मामांनी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. माझ्या वड्यांना हे कधी मिळालं नव्हतं, हे मी आत्ता, पाच वर्षांनी, कबूल करते आहे.

पाच महिन्यांनी दुकानदाराने एकोणऐंशी वाचलं आणि "उलथनं, समया सगळं गेलं, नुसता हंडा राहिला" म्हणाला. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या उत्सवाला आम्ही मरुदानल्लूरला गेलो. मामी फेरात उभ्या राहिल्या. पहिल्या फेरीला त्या जमिनीकडे पाहत होत्या, दुसऱ्या फेरीला समईकडे, तिसऱ्या फेरीला त्यांनी मला जीभ दाखवली. मामा खांबाशी, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत, चपलांच्या राशीजवळ बसले होते, मांडीवर सुपाचा थर्मास. मी शेजारी उभी राहिले.

"तेल कोणतें आहे समईंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिळाचं. जरा जुनं आहे. आणि मोगरा आहे, कापूर आहे, आणि तुमच्या समोरच्या चपला ओल्या आहेत."

"तें सांगावयाची गरज नव्हती," मामा म्हणाले, पण त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

मुलीची पुन्हा बदली झाली आणि मी नाशिकला परत आले. आता माझ्या डॉक्टरांनी मलाच रात्री डाएटचं सूप सांगितलं आहे. देव आहे, आणि त्याला हिशेब लक्षात राहतो. निघताना मामांनी मला धाकटा फिल्टर दिला होता; मी मिऱ्याची डिकॉक्शन काढते, गार पाण्यात पूड कालवते, टंबलर वर, डबरा खाली. ओट्यावर थोडं सांडतं.

दर शनिवारी संध्याकाळी मामांचा व्हिडिओ कॉल येतो. नमस्कार-चमत्कार नाहीत.

"फोन भिंतीस टेकवा. उजेडांत या. घोट घ्या."

मी घोट घेते. पंधराशे किलोमीटरवरून भिंगाचा एक प्रचंड डोळा माझ्या तोंडाकडे पाहतो. परवा जिरं जरा जास्त भाजलं गेलं होतं, फोनवर बोलत होते म्हणून.

"छान झालंय हो मामा," मी म्हणाले. "अगदी मृदू."

"जिरें जाळलेंत," मामा म्हणाले. "आणि लिंबू आचेवर पिळलेंत. पुन्हां करा." ते वही आणायला उठले.

त्यांच्या रिकाम्या खुर्चीत मामी आल्या. फोनच्या अगदी जवळ. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगे, तुझ्या गॅलरींत झाड कोणतें आहे?"

"कढीपत्ता."

"जोरांत आहे?"

मी वळून पाहिलं. दोन महिन्यांत तो गजांच्या बाहेर गेला आहे. वरच्या मजल्यावरची बाई आता तिच्या खिडकीतूनच पानं तोडते.

"फार," मी म्हणाले.

मामींनी मान हलवली. मागून मामांची पावलं वाजली, तशा त्या खुर्चीतून उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सर्व पित्यें म्हणते, एक थेंब टाकीत नाहीं."